शैवालशेतीआधी बियाण्याची सोय

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर मालवणजवळ शैवालाची शेती करण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. आमची प्रयोगशाळा तुझा माल घेईल का, असे तू विचारले आहेस. ती घेणार नाही. केळीची रोपे बाटलीत वाढवण्यासाठी आम्ही दर लिटर पोषक माध्यमात सात-आठ ग्रॅम आगर, म्हणजे जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ, घालतो. ते चाळीस अंशांच्या खाली उतरले की बाटलीत घट्ट बसते आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता मागते, त्यामुळे रोप एकदा रोवले की हलत नाही. हे आगर ग्रॅसिलारिया, जेलिडिएला अशा शैवालांतून निघते. तू लावणार आहेस ते कप्पाफायकस, आणि त्यातून मिळते कॅरागीनन, म्हणजे दाटपणा आणणारे द्रव्य, जे आइस्क्रीम, चॉकलेटचे दूध आणि टूथपेस्ट यांत जाते. शिवाय ताजे शैवाल पिळून काढलेला अर्क आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार फवारतात. तेव्हा तुझे गिऱ्हाईक तिकडे शोध, आणि तराफे बांधण्याआधी शोध.

तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बारा फुटी चौरस बांबूच्या तराफ्याला दोऱ्या ताणून शैवालाचे तुकडे बांधतात आणि माशांनी ते खाऊ नयेत म्हणून खाली जाळे लावतात. साधारण ६० किलो बियाण्याचे ४५ दिवसांत चौपट पीक येते. वाळवल्यावर मात्र दहा किलोंचा जेमतेम एक किलो उरतो. हा हिशेब तुला पाठ झालाच असेल. पण तिथला पाल्कचा उपसागर उथळ आणि बराच शांत आहे. आपल्या किनाऱ्यावर जूनमध्ये दर्या खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत होड्याही वर ओढाव्या लागतात, तिथे बांबूचा तराफा कसा तग धरणार? खाडीत आसरा शोधावा, तर पुराचे गोडे पाणी उतरते आणि कप्पाफायकसला ते सोसत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, तुझा खरा प्रश्न पिकाचा नसून पावसाळाभर बियाणे जगवण्याचा आहे. कप्पाफायकसची लागवड बीजाणूंपासून होत नाही, मागच्या पिकाचेच तुकडे पुढे लावले जातात. वर्षानुवर्षे एकाच वाणाचे तुकडे करत राहिले की वाढ मंदावते आणि एक रोग आला तर सगळ्यांनाच गाठतो. २०१३ नंतर तमिळनाडूत पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि उत्पादन कोसळले, म्हणून दर पावसाळ्यानंतर बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहणे परवडणारे नाही. किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत बियाणे राखण्याचा खर्च आधी मांड. तो बसत नसेल तर तराफ्यांचा खर्च मांडूच नकोस.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ हेच परदेशी शैवाल प्रवाळांवर पसरून त्यांना झाकू लागले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही प्रवाळ आहेत आणि तिथले सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे. तुझी जागा त्यापासून पुरेशी दूर असावी, असा आग्रह मी मित्र म्हणून धरतो. खाडीत स्थानिक ग्रॅसिलारिया वाढते का, हेही पाहा. तसे झाले तर आगराच्या निमित्ताने आपली गाठ पडेल.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला तुझ्या जागेच्या पाण्याचा खारेपणा मोजून ठेव आणि ते आकडे मला कळव. रिफ्रॅक्टोमीटर हवा असल्यास मी इथून पाठवतो. आईंना साष्टांग नमस्कार.

तुझा मित्र