त्रिरश्मीला अर्धा तास पुरत नाही

महोदय,

आपल्या कालच्या पुरवणीत बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी एक दिवसाचा कार्यक्रम आखून दिला आहे: सकाळी अंजनेरी, दुपारी ब्रह्मगिरी आणि संध्याकाळी अर्धा तास त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी. लेखकाचा हेतू चांगलाच असणार. परंतु तो अर्धा तास वाचून मला फार वाईट वाटले, कारण माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला तेवढाच वेळ आला होता.

गेल्या श्रावणात ताई जळगावहून आली होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही एका सहलवाल्याच्या बसने गेलो. पायथ्यापासून वर सुमारे 200 पायऱ्या आहेत. थांबत, दम खात ताई वर पोहोचली, तोवर निम्म्याहून अधिक वेळ संपला होता. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात मी तिला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखाचे भाषांतर वाचून दाखवू लागले. त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत 3000 कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. 2000 दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, तेथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या, 20 भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण मिळायचे होते. ताईची सारी नोकरी टपाल कचेरीच्या बचत खिडकीवर झाली. ती लगेच बोटांवर मोजू लागली: महिन्याला 20, वर्षाला 240, वीस जणांत प्रत्येकी 12. "अगं, हिशेब अगदी चोख आहे!" असे म्हणून तिने चष्मा पुसला आणि त्या अक्षरांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि बस सुटेल म्हणून आम्हाला खाली पिटाळण्यात आले. गौतमी बलश्रीने दान दिलेले तिसरे लेणे, जिथे या राजमातेने आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरवून ठेवला आहे, ते ताईला पाहता आलेच नाही.

ब्रह्मगिरीचेही तेच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लोक ज्या डोंगराला अनवाणी फेरी घालतात आणि जिथे गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला अशी आपली श्रद्धा आहे, तो डोंगर दुपारच्या जेवणानंतर उरकण्याजोगा नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ही लेणी पांडवांनी वनवासात कोरली, असे पुरवणीत ठामपणे छापले आहे. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत, तिथल्या शिलालेखांत या डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे, आणि अठराव्या लेण्यातील चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर तर नाशिककरांच्या धंभिक गावाचे दान म्हणून नोंद आहे. आपल्याच शहराचे नाव इतक्या जुन्या दगडावर असताना नाशिकच्या वृत्तपत्राने ही चूक करावी, याचे दुःख होते. कृपया दुरुस्ती छापावी.

ताई दिवाळीत पुन्हा येणार आहे. या वेळी आम्ही दोघी सकाळीच रिक्षाने पायथ्याशी जाणार आहोत आणि सुरुवात तिसऱ्या लेण्यापासून करणार आहोत.

आपली,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक