माळावरच्या कातळावरचं शैवाक

पुणे, मे अखेर

प्रिय मंदार,

सासवडकडच्या आमच्या माळावर एक उभा काळा कातळ आहे बघ, ज्यावरच्या तपकिरी खवल्यांना तू ‘वाळलेली घाण’ म्हणाला होतास. ती घाण नव्हे रे, शैवाक आहे. आईच्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलासारखंच, बुरशी आणि तिच्यासाठी अन्न बनवणाऱ्या सोबत्याचा संसार. माझ्या मते प्रजाती पेल्ट्युला, आणि जाती बहुधा युप्लोका.

खवले पाच-सात मिलिमीटरचे. नखाने कड उचलून पाहिली, तर खाली मधोमध बेंबीसारख्या एकाच ठिकाणी दगडाला धरलेलं. अशी पकड डर्मॅटोकार्पॉन या दुसऱ्या शैवाकाचीही असते, पण ते राखाडी, आकाराने मोठं, आणि अंगावर बारीक काळे ठिपके. इथे ठिपके नाहीत, उलट कडेला काळपट भुकटी आहे. पाण्याचा थेंब टाकला की तपकिरी रंग बघता बघता शेवाळी होतो. शैवाक ओळखायला रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का ते बघतात, तेही केलं: पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काहीच बदल नाही, ब्लीचनेही नाही. शेजारच्या कॅलोप्लाका या नारिंगी शैवाकावर मात्र त्याच पोटॅशियमच्या थेंबाने लगेच जांभळा डाग उमटला. पॅरिएटिन नावाच्या रंगद्रव्याची ती करामत.

पण मला सगळ्यात जास्त पटवलं ते जागेने. मे महिन्यात हा कातळ हाताला चटका देतो, तरी खवले कातळभर पसरलेले नाहीत. पावसाचं पाणी जिथून ओघळतं, त्या काळ्या पट्ट्यांतच ते आहेत. वीतभर बाजूला एक नाही. पेल्ट्युलाचा सोबती हिरवं शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे निळे-हिरवे जिवाणू, असतो. हिरव्या शैवालाच्या शैवाकाला नुसती दमट हवाही पुरते, त्यावरच त्याचं प्रकाशसंश्लेषण सुरू होतं. सायनोबॅक्टेरियाला मात्र खरंखुरं, ओलं करणारं पाणी लागतं. पाऊस थांबला की तासाभरात सगळं कोरडं, आणि मग महिनोन्‌महिने नुसतं पडून राहायचं. म्हणून ‘कोरड्या जागेतलं शैवाक’ हे वर्णन मला अर्धवट वाटतं. माळ कोरडा, पण हे बसलंय नेमकं पाण्याच्या वाटेवर.

आता काम तुझ्याकडे. आपसूक सुटलेली एक कपची कागदी पुडीत घालून पाठवतोय (प्लास्टिकमध्ये बुरा आला असता). पातळ काप घेऊन तुझ्या मायक्रोस्कोपखाली बघ: सोबत्याच्या पेशी निळसर हिरव्या दिसायला हव्यात. नशिबाने फळ (बुरशीचे बीजाणू तयार होतात तो भाग) सापडलंच, तर एकेका बीजाणुधानीत, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीत, किती बीजाणू आहेत ते मोज. आठच निघाले तर माझी पेल्ट्युला गेली. तिच्यात ते खच्चून भरलेले असतात, कधी शंभराच्याही वर.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अजित