तलवारबाजीच्या छोट्या स्पर्धा हव्यात

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारताच्या भवानी देवीने तलवारबाजीतली पहिली लढत १५-३ अशी जिंकली, तेव्हापासून तलवारबाजी शिकणारी मुले आमच्या आसपास दिसू लागली. माझी मुलगीही त्यांतलीच. दोन वर्षे फॉइल (फक्त धडावरचा वार मोजला जातो तो तलवारबाजीचा प्रकार) शिकते आहे. सराव रोजचा, पण गेल्या वर्षभरात तिच्या वाट्याला स्पर्धा आल्या दोनच. त्यासाठी रात्रभर प्रवास, आणि पहिल्या स्पर्धेत तर समोर अनोळखी मुलगी पाहून तिचे पायच हलेनात.

ही भीड सरावाने जात नाही, लढतींनीच जाते. दोन-तीन क्लबांनी मिळून महिन्यातून एक रविवार ठरवला तरी पुष्कळ होईल. सहा जणांच्या गटात प्रत्येकाला पाच लढती मिळतात. लढत पाच गुणांची, जास्तीत जास्त तीन मिनिटांची. त्यामुळे सगळा गट सकाळीच आटोपतो. हरलेले मूलही पाच वेळा लढून घरी जाते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. सुरुवात एपी या दुसऱ्या प्रकारापासून करावी. त्यात संपूर्ण शरीर लक्ष्य असल्याने फॉइलला लागणारे धातूच्या धाग्यांचे महागडे जाकीट लागत नाही. मास्क आणि संरक्षक पोशाख यांत मात्र काटकसर नको. मोठ्या खेळाडूंना पंचगिरी दिली, तर नवे पंचही तयार होतील.

जिल्हा संघटनांनी या सुट्टीतच एक स्पर्धा घेऊन पाहावी. सतरंज्या घालायला, गुण लिहायला आम्ही पालक येऊ.

– एक पालक, छत्रपती संभाजीनगर