विषय: पाकिटात हवा शिरून मेलेलं यीस्ट आणि माझ्या कणकेवर फोडलेलं खापर

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

तुमच्या हेल्पलाइनशी बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. यापुढे जे काही बोलायचं ते लेखीच.

तुमच्या इन्स्टंट ड्राय यीस्टचं 500 ग्रॅमचं व्हॅक्यूम पाकीट मी मागवलं. आत हवा नसल्याने ते विटेसारखं कडक असायला हवं, हे तुम्हाला मी सांगायला नको. हाती आलं ते लिबलिबीत, दाबलं की आतले दाणे सरकत होते. मी ते न फोडता आधी तुम्हालाच फोन केला. उत्तर मिळालं, "थोडं मऊ असलं तरी चालतं मॅडम, बिनधास्त वापरा." म्हणून वापरलं.

मी घरून गव्हाच्या डिनर रोलच्या ऑर्डरी घेते. अर्धा किलो कणकेला 7 ग्रॅम यीस्ट. थोडी कणीक दुधात शिजवून घट्टसर करून त्यात घालते, त्याने रोल दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो, म्हणून भिजवलेली कणीक अर्धा तास झाकून ठेवते आणि मगच मळते. एवढं सगळं केल्यावर तो गोळा दुपारभर जागचा हलला नाही. शेवटी कोमट पाण्यात साखर घालून तुमचं यीस्ट टाकलं. फेस नाही. शेजारच्या वाटीत दुसऱ्या कंपनीचं उरलेलं यीस्ट दहा मिनिटांत वर आलं. एका घरी साठीचं जेवण होतं, ती ऑर्डर मला ऐनवेळी रद्द करावी लागली.

आता आजचा फोन. तुमच्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, "पीठ कोणतं?"

"गव्हाचं."

"मग बरोबर आहे. चपातीच्या पिठाचे रोल मऊ होतच नाहीत. मैदा घ्या."

मी म्हटलं, रोल कडक झाले ही तक्रारच नाही, कणीक फुगलीच नाही. तर म्हणे, "तुमच्याकडे थंडी असेल." मी नागपूरहून बोलतेय आणि मे महिना चालू आहे, हे सांगितलं. लगेच, "मग उष्णतेने मेलं असेल." यीस्ट मरायला 55 ते 60 अंश लागतात, माझं स्वयंपाकघर अजून तिथवर गेलेलं नाही! मग "सरांना विचारतो" म्हणून मला ताटकळत ठेवलं आणि परत येऊन सांगितलं, "सर म्हणतात ओव्हन खराब आहे." अहो, ओव्हन मी लावलाच नव्हता. काय भाजणार होते? पाकीट मऊ होतं, हे मी या एका फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यावर एक शब्द नाही. फोन ठेवताक्षणी मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे."

गव्हाचे रोल होतच नसतील, तर तुमच्या पाकिटामागे गव्हाच्या रोलची कृती आणि फोटो कशासाठी छापला आहे? पाकीट मऊ होतं, त्याचं काय, हे अजूनही कुणी बोललेलं नाही.

मी बेकिंग शिकले ते तुमच्याच छोट्या पुड्यांवर. शिकायला येणाऱ्या मुलींना आजवर तुमचंच नाव सांगत आले. यापुढे सांगणार नाही.

मला पाकिटाचे पूर्ण पैसे आणि वाया गेलेल्या कणीक, दूध, लोण्याचा खर्च परत हवा. बदली पाकीट नको. आणि हवा शिरलेलं पाकीट "चालतं" असं कुणाच्या सूचनेवरून सांगितलं जातं, याचं लेखी उत्तर 15 दिवसांत हवं. ते आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देईन, या भ्रमात राहू नका.

पाकिटाचे, बॅच क्रमांकाचे आणि दोन्ही वाट्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. उरलेलं यीस्ट मी फेकलेलं नाही. तपासायचं असेल तर तुमच्या खर्चाने माणूस पाठवून घेऊन जा.

एक ग्राहक,
नागपूर