मोजायला माणसं हवीत : डभोई रस्त्याच्या पायवाटेसाठी बडोदेकरांना आवाहन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

बडोदेकर बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

दत्तजयंतीच्या आधी आपली पायी वारी दांडिया बाजारातून निघते आणि डभोई, तिलकवाडा करत गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी पोहोचते, हे आपल्याला ठाऊक आहेच. हे आवाहन त्या वारीच्या वर्गणीचं नव्हे. ती नेहमीप्रमाणे वेगळी मागू, आणि तुम्ही नेहमीप्रमाणे "मागच्या वर्षी किती दिले होते?" असं विचाराल. या वेळी आम्हाला डभोई रस्त्यावरून चालणारी माणसं मोजायला तुमचे बारा तास हवे आहेत. ज्यांना तास देणं जमणार नाही त्यांनी थोडे पैसे द्यावेत.

कारण सांगतो. गेल्या वर्षी पहाटे साडेपाचच्या सुमाराला आम्ही केलनपूर मागे टाकून डभोईच्या दिशेनं चाललो होतो. अंधार होता. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, एकामागे एक अशी आमची रांग होती. वाटेत एक मोरी, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, आली. मोरीचा कठडा डांबराला इतका खेटून आहे की तेवढी वीस-पंचवीस पावलं सगळ्यांना रस्त्यावर उतरावंच लागतं. आमच्यातल्या एक काकू नेमक्या तिथे असताना समोरून आलेल्या टेम्पोचा आरसा त्यांच्या कोपराला लागला. टेम्पो थांबला नाही. त्याला कदाचित कळलंही नसेल. काकूंच्या पिशवीतला गुळपापडीचा डबा उघडून सगळी गुळपापडी डांबरावर पसरली होती, आणि भानावर आल्यावर काकूंच्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "तुडवू नका रे, प्रसादाची आहे." कोपर दोन ठिकाणी मोडलं होतं. सळई घातली आहे, आता हात खांद्याच्या वर जात नाही. या वर्षीही काकू वारीला येणार आहेत, आम्ही नको म्हटलं तरी.

दवाखान्यातून परत आल्यावर मंडळात चर्चा झाली ती नेहमीसारखीच. कोणी म्हणालं, रात्रीचं चालणं बंद करा. कोणी म्हणालं, पुढे-मागे एकेक गाडी ठेवा. मग एका निवृत्त अभियंत्यांनी, जे आमच्यात फक्त आरतीपुरते येतात आणि सहसा बोलत नाहीत, एक साधा प्रश्न विचारला: "या रस्त्यावरून रोज किती माणसं चालतात, हे कोणी मोजलं आहे का?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. आणि त्यांनी पुढे जे सांगितलं ते ऐकून निदान मी तरी थक्क झालो.

रस्ता किती रुंद करायचा, हे त्यावरून किती वाहतूक जाते यावर ठरतं. त्यासाठी सगळी वाहनं एका मापात आणावी लागतात, म्हणून रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं ग्रामीण रस्त्यांसाठी एक तक्ता केला आहे. त्यात एक मोटार म्हणजे १. ट्रक किंवा बस ३. ट्रॅक्टर दीड, आणि त्याला ट्रॉली जोडली की साडेचार. स्कूटर अर्धा, सायकलही अर्धा. हातगाडी ३, टांगा ४. लहान बैलगाडी ६ आणि मोठी बैलगाडी ८, कारण ती हळू चालते, जागा अडवते आणि मागच्या सगळ्यांना थांबवते. म्हणजे कागदावर एक मोठी बैलगाडी आठ मोटारींच्या बरोबरीची. आणि पायी चालणारा माणूस? तो या तक्त्यात नाहीच. अर्धा नाही, पावही नाही. शंभर माणसं चालत गेली तरी बेरजेत काहीच पडत नाही.

यात कोणाचा दुष्टावा नाही. तक्ता वाहनांच्या जागेसाठी आहे आणि त्या कामापुरता तो बरोबरच आहे. पण रस्ता सुधारायची वेळ येते तेव्हा टेबलावर आकडे येतात ते या तक्त्यातून निघालेले, आणि ज्याचा आकडा नाही त्याच्यासाठी जागा राखायला कोणाला सुचत नाही. आपल्या डभोईला ही गोष्ट जास्तच लागते. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा डबे ओढायला बैल होते. वाफेचं इंजिन नियमित धावायला लागलं ते १८७३ मध्ये. ज्या गावात बैलानं आगगाडी ओढली तिथे बैलाला आठ गुण आणि माणसाला शून्य!

आता या रस्त्यावर चालतं कोण? आपण वारकरी वर्षातून एकदा. कर्नाळीच्या कुबेर भंडारीच्या देवळात अमावास्येला जाणारे दर महिन्याला, आणि त्यांच्यातले बरेच रात्रीचेच चालतात. चैत्रात नर्मदेच्या उत्तरवाहिनी परिक्रमेला तिलकवाड्याकडे जाणारे. पण खरं सांगायचं तर आम्ही सगळे पाहुणे आहोत. रोजचा रस्ता दुसऱ्यांचा आहे. सकाळ-संध्याकाळ दूध मंडळीवर (गावच्या सहकारी डेअरीवर) बरणी घेऊन जाणारे, कापूस वेचायला निघालेल्या बायका, टिफिन हँडलला अडकवून सायकलवरून कारखान्यात जाणारी पोरं. नववीत गेलेल्या मुलींना गुजरात सरकार सरस्वती साधना योजनेत सायकल देतं. फार चांगली योजना आहे. पण ती सायकल चालवायची कुठे? मी स्वतः एका शाळेच्या सुट्टीच्या वेळी थांबून पाहिलं: तिघी मुली सायकली हातात धरून चालत निघाल्या होत्या, बसल्या नव्हत्या. विचारलं तर एक म्हणाली, "पुढे डंपर येतात ना, काका." रेतीचे डंपर. शाळेत जायला मिळालेली सायकल ती रोज ढकलत नेते.

चौपदरी रस्त्याच्या नियमावलीत डांबराच्या कडेला पक्की साइडपट्टी सांगितली आहे. कागदावर ती पुरेशी वाटते. प्रत्यक्षात तिच्यावर ट्रक उभा असतो, ढाब्यासमोर चार मोटारी तिरक्या लावलेल्या असतात, हंगामात तूर वाळत असते (शेतकऱ्याला तरी दुसरं खळं कुठे आहे?), आणि जिथे ती मोकळी असते तिथे मोटारसायकली उलट्या दिशेनं येतात. कडेला डांबर संपतं तिथे चार-चार बोटांची उतरण पडली आहे. फोड आलेल्या पायानं अंधारात त्या उतरणीवर पाऊल पडलं की काय होतं, ते वारीत चाललेल्यालाच विचारा.

वेगाचं गणितही त्याच अभियंत्यांनी मांडून दाखवलं. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ५५ मीटर तर नुसते विचारातच गेले. गाडी पुरी थांबायला १२० मीटर लागतात. गडद लुगडं नेसलेली बाई डिपरच्या उजेडात १२० मीटरवरून दिसत नाही, चकाकणारी पट्टी दिसते. म्हणून आमच्या मागण्यांत जाकिटंही आहेत, त्याकडे येतोच.

देशाचे आकडे हवे असतील तर २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते. म्हणजे साधारण पाचातला एक.

तर मंडळानं ठरवलं आहे ते असं. आपण स्वतः मोजायचं आणि तो आकडा घेऊन राज्याच्या मार्ग व मकान खात्याकडे, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'आर अँड बी'कडे, अर्ज करायचा. मागणी आटोपशीर ठेवली आहे. सबंध गरुडेश्वरपर्यंतची पायवाट आम्ही आज मागत नाही. आधी फक्त बडोद्याच्या वेशीवरची कपुराई चोकडी ते डभोई. तिथे रस्त्यापासून वेगळी, किमान १.८ मीटर रुंदीची, सायकल आणि माणूस दोघांना चालेल अशी सलग वाट. १.८ हा आकडा आमच्या मनचा नाही, इंडियन रोड्स काँग्रेसनंच पदपथासाठी तो किमान म्हणून सांगितला आहे. यातला 'सलग' हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. गावात शंभर मीटर सुंदर फरशा आणि मोरीपाशी पुन्हा डांबर, असं झालं तर काकूंचं कोपर जिथे मोडलं तिथे काहीच बदललं नाही. म्हणून प्रत्येक मोरीवर वाटेसाठी वेगळा लहान पूल किंवा रुंद केलेला कठडा, शाळांपाशी दुभाजकात थांबायला जागा, आणि ओलांडायच्या ठिकाणी दिवा. जमलं तर कडेनं कडुनिंब.

"गावाबाहेर पदपथ? हे काय युरोप आहे?" असं आम्हाला ऐकवलं गेलं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पायी चालणारे व बिनमोटारीची वाहनं यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. कायद्याला युरोप लागला नाही. आणि आपण ज्यांच्या समाधीला जातो ते टेंबे स्वामी हिमालयापासून दक्षिणेपर्यंत सगळीकडे पायीच फिरले आणि १९१४ साली गरुडेश्वरला विसावले. त्यांच्या दर्शनाला चालत जाणाऱ्यानं आता जीव मुठीत धरायचा, याची आम्हाला लाज वाटते.

मोजणी अशी होणार: सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास. रस्त्यांची सरकारी वाहतूक मोजणीही सात दिवसांचीच असते, त्यामुळे आपला आकडा सहज बाजूला सारता येणार नाही. मुद्दाम साधा आठवडा निवडला आहे, ज्यात अमावास्या नाही, सण नाही, वारी नाही. यावर आमच्यात वाद झाला. काहींना वारीचाच आठवडा हवा होता, आकडा फुगेल म्हणून. फुगलेला आकडा साहेब पहिल्याच बैठकीत टाचणी लावून फोडतील, असं माझं मत होतं आणि शेवटी तेच मान्य झालं. अमावास्येची रात्र वेगळी मोजू आणि वेगळी लिहू.

तीन ठाणी आहेत: केलनपूर, थुवावी आणि डभोईच्या अलीकडे. चार तासांची एक पाळी, पाळीला दोघं. आठवड्यात एका ठाण्याच्या ४२ पाळ्या होतात, दोघांप्रमाणे ८४, तिन्ही ठाण्यांच्या मिळून २५२. एकानं तीन पाळ्या घेतल्या, म्हणजे बारा तास, तर ८४ माणसं लागतील. आज वहीत ३१ नावं आहेत, आणि त्यांतली नऊ एकाच वाड्यातली. रात्री दहा ते पहाटे सहाच्या पाळ्या जवळजवळ रिकाम्या आहेत, आणि आम्हाला सगळ्यांत गरज तिथेच आहे. कॉलेजातल्या मुलामुलींनी या पाळ्या घ्याव्यात ही विनंती. मुलींच्या पाळीला घरचं एक माणूस बरोबर असलं तरी चालेल. ज्येष्ठांनी सकाळी सहा ते दहा घ्यावी. बसायला खुर्ची असेल, काम पेन्सिलनं रेघा मारायचं. पाच रेघांची जुडी करायची: चार उभ्या, एक आडवी. चालणारे पुरुष, बायका, मुलं, सायकली, हातगाड्या, बैलगाड्या, एवढेच रकाने. मोटारी मोजायच्या नाहीत, त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत.

आता पैसे. चकाकणाऱ्या पट्ट्यांचं एक जाकीट आम्हाला सव्वाशे ते दीडशे रुपयांना पडतं. मोजणाऱ्यांना ती लागतीलच, पण मोजणी झाल्यावर तीच जाकिटं दूध मंडळीवर येणाऱ्यांना आणि पहाटे शेतावर जाणाऱ्या बायकांना द्यायची आहेत. त्याशिवाय मुलींच्या सायकलींना पुढे-मागे लावायला लाल-पांढरी चकाकती पट्टी. एका सायकलीला फार तर दोन वीत लागते. दोनशे जाकिटं आणि पट्टीची रिळं, तीन ठाण्यांचा मांडव, चहा आणि छपाई, असा खर्च आहे. हिशेब कचेरीबाहेरच्या फळ्यावर दर शनिवारी लिहिला जाईल.

एका सद्‌गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली होती, पण रस्त्याच्या कडेला विसाव्याची शेड बांधून त्यावर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी या अटीवर. त्यांचे आभार मानून आम्ही नाही म्हणालो. शेडपर्यंत माणूस धड पोहोचायला हवा ना आधी! या कामात नाव कोरायला कुठे जागाच नाही. जाकिटाच्या पाठीवर छापू का, असंही एकानं विचारलं. तिथे फक्त पट्टी असेल.

पैशांखेरीज आणखी काही गोष्टी हव्या आहेत. अर्ज गुजरातीत जायचा आहे, तेव्हा सरकारी गुजराती नीट लिहिणारं आणि टाइप करणारं कोणी असेल तर कळवा. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं गुजराती भाजीबाजारापुरतं उत्तम आहे. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले मोजमापाचं काम जाणणारे दोघं-तिघं हवेत, मोऱ्यांची रुंदी टेपनं मोजून नकाशावर मांडायला. मोठे थर्मास, बॅटरीचे दिवे, घडीच्या खुर्च्या आठ दिवसांसाठी उसन्या द्या. नाव लिहून परत करू, गेल्या वर्षीचं एक पातेलं अजून सापडलेलं नाही हे मान्य आहे. आणि केलनपूर-थुवावीकडे तुमच्या ओळखीचं कोणी राहत असेल तर त्यांना सांगा. मोजणीच्या ठाण्यावर गावातलं एक तरी माणूस असलं की लोक "कसली जमीन मोजताय?" असं विचारत नाहीत.

नावं आणि देणगी मंडळाच्या कचेरीत संध्याकाळी ६ ते ८ या वेळात घेतली जातील, रविवारी सकाळीही. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि घरी येऊन मंडळाच्या नावानं रोख मागणाऱ्याला परत पाठवा, आम्ही कोणालाही घरोघर पाठवलेलं नाही. पाळीला येताना पाण्याची बाटली, टोपी आणि दोन पेन्सिली आणा. पेन दवात चालत नाही, हे आम्ही एका रात्रीच्या रंगीत तालमीत शिकलो आहोत.

आपले,
पायी वारी मंडळाचे चिटणीस व कार्यकर्ते, बडोदे