पोरगी मोजून राहिली, थांबा जरा

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन बोलले असते तर तुम्ही ‘जाऊ द्या ना वहिनी’ म्हणत चहा सांगितला असता आणि माझं म्हणणं तिथंच राहिलं असतं. म्हणून लिहिते. चार लोकांनी वाचलं तर वाचू द्या, त्यातल्या दोघांनी तर वाचावंच.

तुमच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात येण्याआधी मी पोरीला घेऊन तीन दारं फिरले. दहावीला तिचा व्यवसाय विषय, काही दिवस खऱ्या दुकानात हात काळे करून शिकायचं. पहिल्यानं तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, ‘पोरीले तार कायले शिकवता? लग्नात कामी येईन का?’ दुसऱ्याकडे काचेचं मोठं दुकान. तिथं आठ दिवस तिनं काउंटर पुसला, चहाचे कप विसळले. नवव्या दिवशी मालकानं वहीत महिनाभराच्या सह्या एकदमच मारून दिल्या, ‘उद्यापासून नाही आली तरी चालते.’ पोरगी घरी येऊन जेवली नाही. तिसऱ्याबद्दल लिहीत नाही, त्याला आईबहीण असेल.

वाईट याचं वाटतं की हे सगळं वर्धा जिल्ह्यात. 1937 साली वर्ध्यालाच परिषद भरली होती आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावं हे गांधीजींनी तिथं मांडलं होतं. आम्ही शाळेच्या सहलीत सेवाग्रामला गेलो, बापू कुटी पाहिली, चरखा पाहिला, डबे खाल्ले आणि परत आलो. 2020 च्या नव्या धोरणातही सहावी ते आठवीच्या पोरांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुताराकडे, कुंभाराकडे शिकावं असं लिहिलं आहे. लिहिलेलं आपल्याकडे काही कमी नाही.

तुम्ही धोरण वाचलेलं नाही. तुम्ही पहिल्या दिवशी तिच्यापुढे एक जळकी मोटर उघडून ठेवली आणि म्हणाले, ‘वास घे.’ घरी येऊन ती आम्हाला शिकवत होती: सगळ्या कॉइल, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या गुंडाळ्या, सारख्याच काळ्या पडल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं किंवा लोड जास्त पडला, काही काळ्या आणि काही कोऱ्या तांबूस असतील तर समजायचं, विजेच्या तीन फेजपैकी एक गेला होता. तिचे बाबा इतकी वर्षं मोटर जळली की डीपीला शिव्या देतात. पोरीनं विचारलं, ‘बाबा, कॉइल पाहिल्या का?’ ते गप्प.

पण मी लिहायला बसले ते त्या दुपारसाठी. मी डबा घेऊन आले होते. पोरगी हँडल फिरवत कॉइल भरत होती, ओठ हलत होते. तुमच्या मशीनचं मोजणीचं काउंटर बंद (दुसऱ्यांच्या मोटरी दुरुस्त करता आणि स्वतःचं काउंटर तसंच), त्यामुळे टर्न, म्हणजे तारेचे वेढे, तोंडीच मोजायचे. दोन टर्न कमी पडले तर तिन्ही फेजचा करंट सारखा राहत नाही, मोटर तापते, हे तिनंच मला सांगितलं आहे. तेवढ्यात ते आले. पांढरे कडक कपडे, गळ्यात दुपट्टा. आमच्याकडे त्यांच्यासाठी दुकानदार खुर्ची पुसतात. दारातूनच आवाज: ‘मिस्त्री, मोटर झाली का नाही? चना सुकून राहिला वावरात!’

तुम्ही वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला. ‘थांबा जरा भाऊ. पोरगी मोजून राहिली.’

आणि ते थांबले! त्यांचा फोन वाजला, तोही त्यांनी कापला. दुकानात फक्त हँडलची कुरकुर आणि माझ्या लेकीचं पुटपुटणं. सदतीस, अडतीस. मी डबा धरून उभी, मलाही श्वास घ्यायची भीती. बावन्नला तिनं तार कापली, मान वर केली. मग तुम्ही म्हणालात, ‘हं, बोला आता.’

भाऊ, आमच्या घरात पोरगी काही मोजत असली तर कोणी थांबत नाही. मीसुद्धा नाही. ती गणित सोडवत असते आणि मी स्वयंपाकघरातून ओरडते, ‘दूध पाह्य गं, उतू जाईन.’ त्या दिवसापासून दूध मीच पाहते. दोनदा उतू गेलं, जाऊ दे.

तुम्ही तिला कधी ‘शाब्बास’ म्हटल्याचं तिला आठवत नाही. कॉइल चुकली तर उकलायला लावली, तीनदा. तरी सकाळी माझ्याआधी उठून तयार. चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं असं मी समजत होते. तुमच्यासारखी खडूस माणसं पाहिली की वाटतं, समोरच्याच्या कामाला काम मानणं एवढं ज्याला जमलं त्याला गोड बोलायची गरजच नाही.

दिवस भरले, वही शाळेत गेली. ‘मार्क किती मिळतील’ विचारलं तर म्हणते, ‘मार्काचं जाऊ दे, सबमर्सिबल उघडायची राहिली.’

तिच्या डब्याचं झाकण तुमच्या वार्निशच्या डब्याजवळ राहिलं आहे. पाठवू नका. सोमवारी शाळा सुटल्यावर ती येणारच आहे, तुम्ही बोलावलं नसलं तरी.

तुमची,
डबेवाली वहिनी