सत्तरीची वाट पाहू नका, हे त्यांना कोण सांगणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात येणाऱ्यांचे फॉर्म भरून देते, त्यामुळे सरकारी योजना लोकांच्या कानापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते ते रोज ऐकायला मिळतं.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. सत्तरी गाठलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत. हप्ता भरायचा नाही, आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचं नाही, वयाच्या पुराव्याला आधार पुरतं. योजना चांगलीच आहे. पण जाहिरातीतला सत्तरचा आकडा लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसलाय, की सहासष्ट वर्षांचे गृहस्थ अँजिओप्लास्टी पुढे ढकलतात आणि म्हणतात, "बाई, माझी चार वर्षं बाकी आहेत अजून."

त्यांच्याकडे केशरी शिधापत्रिका असते. रुग्णालयातल्या मोफत उपचारांसाठीच्या राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला वयाची अटच नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आपल्याच शासनाने जुलै २०२३ मध्ये निर्णय घेऊन या योजनेचं संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर नेलं आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसकट सगळ्यांना त्यात घेतलं. म्हणजे साठ ते सत्तरमधल्या ज्या माणसाला आपण 'सुटलेला' समजतो, तो महाराष्ट्रात सुटलेला नाहीच. त्याला फक्त ठाऊक नाही. आधीच वयांचा गोंधळ काय कमी आहे? आयकरात ज्येष्ठ साठीला, एसटीत अर्धं तिकीट पासष्टला, फुकट प्रवास पंचाहत्तरला. त्यात हा सत्तरचा.

सत्तरीपुढच्यांचे घोळ वेगळे. खासगी पॉलिसी असली की कार्ड मिळत नाही, असं अनेकांना वाटतं, प्रत्यक्षात मिळतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस आणि माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांमधल्यांना मात्र आपली योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावं लागतं, आणि ते न समजता निवडतात. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नव्हे. कुटुंब आधीपासून केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेत असेल, तर घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी वेगळे ५ लाख असतात. हे शेवटचं तर कार्ड काढून देणाऱ्यांनाही नीट माहीत नसतं.

आता खर्चाचं. 'मोफत' या शब्दाने सगळ्यात जास्त फसगत होते. म्हातारपणी पैसा जातो तो महिन्याच्या महिन्याला: बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, रक्त तपासणी, डॉक्टरांची फी. यातलं काहीच वय वंदना कार्डात बसत नाही, कारण ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, त्यात नाहीत. दाखल झाल्यावरचा खर्च, त्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस, एवढंच. तेही अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, पण पेशंट खासगीत भरती होऊन बसलेला असतो आणि मग मुलगा सोनं गहाण टाकायला निघतो. कार्ड देताना हे चार वाक्यांत सांगता आलं असतं.

आमच्याकडच्या एकांना एका रुग्णालयात "हे योजनेत बसत नाही" असं तोंडी सांगून परत पाठवलं. कशामुळे बसत नाही? आजार यादीत नाही, कागद अपुरा, की आणखी काही? कोणी बोलेना. तोंडी नकाराविरुद्ध तक्रार तरी कशाच्या आधारावर करायची? त्यांच्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नाही.

म्हणून आपल्याकडे दोनच मागण्या आहेत, आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही.

पहिली, प्रत्येक रेशन दुकानात मोठ्या अक्षरांत मराठी फलक लावावा: शिधापत्रिका असेल तर सत्तरीची वाट पाहू नका, आणि त्याखाली काय मिळत नाही तेही लिहावं. माणूस रुग्णालयात दुखणं घेऊन जातो तेव्हा वाचायच्या स्थितीत नसतो, रेशनच्या रांगेत त्याला वेळच वेळ असतो.

दुसरी, अंगीकृत रुग्णालयाने योजनेतून उपचार नाकारला तर तिथे योजनेच्या मदतीसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राने कारण, तारीख आणि सही असलेला कागद रुग्णाच्या हातात द्यावा, असा आदेश काढावा.

कळावे,
एक सेवानिवृत्त शिक्षिका